डोंगरावरचं बीपी

लहान मुलांचं बीपी मोजण्यात कसली आलीय मजा, असं निवृत्त होऊन कराडला परतल्यापासून मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. त्यांना मी म्हणते, अहो, एकदा माझ्या जागी बसा तर खरं! समोर आठ-नऊ वर्षांचं पोर, त्याच्या दंडावर पट्टा, तुमच्या कानात स्टेथोस्कोप. हातातला फुगा दाबत गेलात की एका क्षणी सगळं गप्प होतं. मग हवा हळूहळू सोडायची. काही नाही, काही नाही, काही नाही... आणि ठक्! तो पहिला ठोका ऐकू येतो तिथे वरचा आकडा. मग ठोके विरत विरत बंद होतात, तो खालचा. तीस वर्षं मी हे ऐकलं आणि एकदाही कंटाळले नाही. माझे यजमान म्हणतात, लोक गाणी ऐकतात, ही माणसं ऐकते.

या तीसपैकी बावीस वर्षं मी सौदी अरेबियात नर्स होते. सौदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि घाम येतो. मीही जाताना तेवढंच डोक्यात घेऊन गेले होते. सुटकेसमध्ये सगळे सुती कपडे भरले आणि उतरले ती अभाला. जुलै महिना, आणि विमानतळावर लोक जाकीट घालून उभे! आमच्या महाबळेश्वरापेक्षा कितीतरी उंच असलेलं हे गाव डोंगराच्या माथ्यावर वसलंय. सकाळी धुकं खिडकीतून घरात येतं. आणि गावाबाहेर पाच-दहा मिनिटं गाडी हाकली की डोंगर एकदम तुटतो आणि कड्याखाली तिहामा नावाचा सखल, तापलेला मुलूख सुरू होतो. वर स्वेटर, खाली घाम, मध्ये वळणावळणाचा घाट. घाटावरच्या बाईला आणखी काय हवं?

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात होते. आमच्याकडे डॉक्टर इल्हाम म्हणून बालरोगतज्ज्ञ होत्या, सुदानच्या. उंच, सावळ्या, आवाज असा की पोर रडायचं विसरावं. शाळांच्या तपासणीत त्यांना सारखं जाणवायचं की वरच्या गावांतल्या मुलांचे आकडे खालच्या तिहामातल्या मुलांपेक्षा चढे येतायत. खरंच चढे आहेत का, आणि असतील तर कशामुळे, या प्रश्नानं त्यांना झपाटलं होतं. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, वरच्या आणि खालच्या शाळा आपण नीट, एकाच पद्धतीनं तपासायच्या. यल्ला, चल, येतेस?" मी तर पर्स खांद्याला लावून उभीच होते.

वाचकांना एवढंच सांगते की मुलांच्या बीपीचा हिशेब मोठ्यांसारखा नसतो. आपल्याला एकशेवीस-ऐंशी पाठ असतं, पण ते सहा वर्षांच्या मुलाला लावून चालत नाही. मुलाचं वय, मुलगा की मुलगी, उंची किती, हे सगळं तक्त्यात बघून मग ठरवायचं की आकडा जास्त आहे का. आणि एकदा जास्त आला म्हणून काही होत नाही. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसवून, तीनदा तपासायचं. हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्याच शाळेत आमची अशी फजिती झाली की सांगता सोय नाही.

मुलींची शाळा होती. पुरुषांना आत मज्जाव, त्यामुळे ड्रायव्हर फाटकाबाहेर, आणि आत आम्ही दोघी. मुख्याध्यापिकेनं आम्हाला मानानं वरच्या मजल्यावरची सगळ्यात छान खोली दिली. गालिचा, उशा, आणि कोपऱ्यात वेलची घातलेली अरबी कॉफी, गहवा, नि खजुराचं ताट. पाहुण्यांना गहवा दिल्याशिवाय काम सुरू करायचं ही तिथं अशक्य गोष्ट. तो आम्ही प्यायलो. मग मुली येऊ लागल्या. पहिलीचं बीपी जास्त, दुसरीचं जास्त, तिसरीचंही जास्त! माझ्या अंगात तर वारं शिरलं. म्हटलं, आपल्याला काहीतरी फार मोठं सापडलंय! दहावी मुलगी झाल्यावर डॉक्टर इल्हामांनी पेन खाली ठेवलं.

"सुनंदा, निम्म्या शाळेला बीपी असेल तर शाळा बंद करून इथं हॉस्पिटलच काढू या. जरा दार उघडून बघ बरं."

दार उघडलं. मुली दोन जिने धावत चढून येत होत्या, कारण पहिली येईल तिला सुट्टी लवकर. आणि दाराशी एक प्रेमळ शिक्षिका प्रत्येकीला "घाबरू नकोस हं" म्हणून गहव्याचा छोटा कप आणि खजूर देत होती! धावणं, कॉफी, भीती, तिन्हींनी आकडा चढतो. आम्ही त्या दिवसाचे सगळे कागद फाडले, तळमजल्यावर आलो, आणि प्रत्येक मुलीला पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसवायला लागलो. निम्म्याहून जास्त चढे आकडे पाच मिनिटांत पळाले. उरले ते खरे.

दुसरी फजिती माकडांनी केली. अभाच्या घाटात मोठाली करडी माकडं असतात, गाड्यांवर टपलेली. आम्ही कड्यापाशी थांबून डबे उघडले आणि त्यातल्या एका दांडगट आजोबानं नेमकी माझी पिशवी पळवली. पिशवीत मुलांचे छोटे पट्टे होते. त्यानं एक पट्टा गळ्यात घालून पाहिला, फुगा चावून पाहिला आणि सगळा ऐवज खाली तिहामात फेकून दिला. मी म्हटलं, "मोठ्यांचे पट्टे आहेत गाडीत, काम भागवू." डॉक्टर ठाम नाही म्हणाल्या. कारण पट्टा दंडाच्या मापाचाच लागतो. बारीक पोराला मोठा पट्टा लावला तर बीपी खोटं कमी दिसतं, जाड पोराला छोटा लावला तर खोटं जास्त. शिंप्यानं एकाच मापाचे सदरे शिवावेत तसं ते होईल. जेद्दाहून नवे पट्टे येईपर्यंत आठवडाभर आमचं काम बंद होतं आणि मी येताजाता त्या माकडाला मराठीत शिव्या देत होते.

हळूहळू चित्र उमटायला लागलं, आणि ते फार गुंतागुंतीचं निघालं. उंचीवर हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणून शरीर रक्त दाट करतं, हृदय जोर लावतं. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात. हे झालं डोंगराचं. पण चढे आकडे असलेल्या घरात शिरलं की आणखी काय काय दिसायचं. मूल वजनानं जास्त. आई-बापाला बीपी. जन्मताना मूल फार लहान होतं. रात्री बारा वाजेपर्यंत हातात टॅबलेट. थंडी म्हणून खोली बंद, आणि बंद खोलीत आजोबांची शीशा, म्हणजे हुक्का, धुमसतेय. खारवलेले चिप्स, डब्यातलं सूप, आणि चौथीतल्या पोराच्या दप्तरात एनर्जी ड्रिंक. यातल्या कुठल्या गोष्टीचा वाटा किती, हे डॉक्टर इल्हामही छातीठोक सांगत नसत. मी मात्र सांगायचे. मला वाटायचं, मला कळलंय.

त्याला कारण झाला एक म्हातारा. नातीला दवाखान्यात घेऊन आला होता, काठीसारखा सरळ, वय विचारलं तर म्हणाला, अल्ला जाणे. मी म्हटलं, बाबा, उंचीमुळे मुलांचं दग्त वाढतं. दग्त म्हणजे अरबीत दाब. तो हसायलाच लागला.

"बाई, माझे आजोबा याच डोंगरावर जन्मले. डोंगर तेव्हाही एवढाच उंच होता. मी विहिरीवर दिवसातून तीनदा चढउतार करायचो, ही पोरगी दारातून गाडीत आणि गाडीतून वर्गात. हवेला दोष देऊ नका, गाडीला द्या. हिला चालवा!"

मला ते इतकं पटलं की मी भेटेल त्या मुलाला चालायला लावू लागले. मीठ कमी, स्क्रीन कमी, चालणं जास्त. डॉक्टर म्हणायच्या, "सल्ला चांगला आहे, पण आधी तपासणी पुरी कर." मी मान डोलवायचे. बऱ्याच मुलांना त्या सल्ल्याचा फायदाही झाला, आणि माझी कॉलर आणखी ताठ झाली. उंटांच्या देशात राहून मी पुरती उंटावरची शहाणी झाले होते.

अशात सना माझ्याकडे आली.

सनाचे वडील अन्वरभाई श्रीवर्धनकडचे. हॉटेलांच्या लिफ्ट दुरुस्त करायचं काम. आधी जेद्दाला होते, कंपनीनं दोन वर्षांपूर्वी अभाला पाठवलं. रुकय्याभाभी त्यांच्या पत्नी, आणि सना एकुलती एक, दहा वर्षांची, थोडी गुबगुबीत, बडबडी. इंडियन स्कूलची मुलगी, त्यामुळे आई कोकणी मराठीत बोलायची आणि ही हिंदी-इंग्रजीत उत्तर द्यायची. अभात मराठी बोलणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून शुक्रवारची दुपार आमची एकत्र जायची. कधी माझी पुरणपोळी, कधी भाभींनी माझ्यासाठी केलेली भाज्यांची बिर्याणी.

एका शुक्रवारी भाभी म्हणाल्या, "ताई, हिचं डोकं दुखतंय म्हणते सारखं. आणि नाकातून रक्त येतंय. हवा कोरडी हाय म्हणून आसल नाय?"

बीपीचं सामान माझ्या पर्समध्ये असतंच. पाच मिनिटं बसवलं, मापाचा पट्टा लावला. एकशे बेचाळीस! पुन्हा मोजलं. एकशे चाळीस. दहा वर्षांच्या मुलीला हे फार, फार जास्त. सना माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आंटी, ज्यादा आया तो मैं पास हुई या फेल?"

इथे मला डॉक्टर इल्हामांकडे जायला हवं होतं. तसा नियमच आहे. पण माझी नजर गेली स्वयंपाकघराच्या फळीवर. तिथे भाभींचा खजिना होता: सुकट, सोडे, खारवलेला बांगडा, पोह्याचे पापड, मिठातल्या कैऱ्या. श्रीवर्धनहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सामानातून तो खजिना अभापर्यंत चढायचा. मी कराडची शाकाहारी बाई, मला त्या वासानं आधीच कसंतरी व्हायचं. माझा खटला दोन मिनिटांत निकाली निघाला. जेद्दाच्या समुद्रकाठावरून एवढ्या उंचीवर आलेली मुलगी, अंगानं जाड, चालणं शून्य आणि वर हे मिठाचं कोठार! आणखी काय पुरावा हवा?

"भाभी, हे सगळं बंद. आजपासून."

भाभी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमी घाटावरच्या ना ताई, तुमाला सुकटीचा वास सोसवत नाय, म्हणून बीपीचा आळ तिच्यावर! आमच्यात सात पिढ्या खातायत."

"सात पिढ्या समुद्रावर होत्या. डोंगरावर नव्हत्या," मी म्हटलं. माझ्या या उत्तरावर मी बेहद्द खूश झाले होते, हे आज कबूल करते. अन्वरभाईंनी विचारलं, "ताई, डॉक्टरला दाखवायचं काय?" मी म्हटलं, "मी आहे ना. आधी दोन-तीन महिने मीठ तोडू, चालणं वाढवू. खलास."

भाभींनी कुरकुर केली, पण मुलीसाठी फळी रिकामी केली. आणि सनाला घेऊन मी रोज संध्याकाळी डोंगराच्या कडेनं बांधलेल्या पायवाटेवर जाऊ लागले. भाभी मागून यायच्या. वीस मिनिटं चढ, थांबायचं नाही. मी घड्याळ लावून चालायचे. सना पाच मिनिटांत थांबायची. "आंटी, पैर दुखते हैं." मी म्हणायचे, "सवय नाही म्हणून दुखतात. चल, आळशी!" ती रडवेली होऊन चालायची. पुन्हा थांबायची. मी पुन्हा हाकायचे.

आकडा दोन-चार घरं खाली यायचा, पुन्हा वर जायचा. ईदला ते चार दिवस जेद्दाला समुद्रसपाटीवर जाऊन आले. मी तिथून आकडा मागवला, अन्वरभाईंनी एका दवाखान्यात मोजून घेतलं. तसाच, चढा. डोंगर दोषी असता तर खाली जाऊन थोडा तरी फरक पडायला हवा होता. चार दिवस तसे थोडेच, पण मला शंकासुद्धा आली नाही. मी म्हटलं, ईदची मिठाई आणि खारा सुकामेवा बाधला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं मी सगळ्या डोंगराला वळसे घालत होते.

चार महिने गेले. त्या शुक्रवारी दुपारचं ऊन छान पडलं होतं आणि आम्ही लवकर चालायला निघालो. चढाच्या मध्यावर सना पायरीवर बसली ती उठेचना. मी सवयीनं "चल, चल" सुरू केलं. तिनं मान वर केली. डोळे भरलेले.

"आंटी, आय ॲम नॉट अ लायर. मेरे पैर सच में दुखते हैं. आप मानते क्यों नहीं?"

मला एकदम लाज वाटली. मी खाली बसले, तिचे बूट-मोजे काढले आणि पाय चोळायला घेतले. पाय बर्फासारखे गार. अभात सगळ्यांचेच पाय गार असतात, पण ती आत्ता पंधरा मिनिटं उन्हात चालली होती आणि तिच्या हाताचे तळवे गरमगरम होते. बोटं आपोआप पावलाच्या वरच्या बाजूला गेली, जिथे नाडी लागते. लागली नाही. जरा सरकवून पाहिलं. नाही. दुसरा पाय. नाही! मी घाईघाईनं स्वतःचा मोजा काढून स्वतःच्या पायावर बोटं ठेवली, माझी बोटं तरी शाबूत आहेत ना हे बघायला. तिथे नाडी टणाटण उडत होती. मग सनाचं मनगट धरलं, तर तिथे ती इतक्या जोरात लागली की हातच बाजूला व्हावा.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली तशीच एक भलती उत्तेजनाही वाटली. इतकी वर्षं फक्त पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या बोटांखाली आली होती. आणि त्याच क्षणी हेही कळलं की ही मुलगी चार महिने रोज मला तीच गोष्ट सांगत होती.

घरी आणून तिला पालथं झोपवलं, मांडीला मोठा पट्टा लावला, गुडघ्यामागे स्टेथोस्कोप ठेवला. माणसाचं पायातलं बीपी हातापेक्षा थोडं जास्तच असतं. सनाचं हातात एकशे चव्वेचाळीस आणि पायात जेमतेम पंच्याण्णव. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. सुट्टीचा दिवस असूनही डॉक्टर इल्हामांना फोन लावला. मी वाक्य पुरं करण्याआधी त्या म्हणाल्या, "माझ्या घरी या. आत्ता."

त्यांनी सनाला आपल्या दिवाणावर झोपवलं, एक हात तिच्या मनगटावर, दुसरा जांघेवर. डोळे मिटले. मग पाठीवर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचेही डोळे चमकत होते.

"सुनंदा, हिच्या मनगटाला ढोल वाजतोय आणि पायात वरात पोचलीच नाही. ऐक, पाठीत सूंऽ असा आवाज येतोय. महाधमनी अरुंद आहे. जन्मापासून." मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हिचं बीपी तू कधीपासून मोजतेस?"

"चार महिने," मी म्हटलं. त्यांनी फोन उचलून मोठ्या हॉस्पिटलचा नंबर लावला.

सोबत आलेल्या अन्वरभाईंना मी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत नाही, घरच्या टाकीच्या भाषेत समजावलं. गच्चीवरच्या टाकीतून एक मोठा नळ निघतो. त्याच्या पहिल्या फाट्यांवर डोकं आणि हात आहेत, पुढे पोट, किडनी आणि पाय. फाटे फुटल्यावर लगेच कुणीतरी नळ चिमटून धरलाय. वर पाणी तुंबतं, म्हणून डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, हातात बीपी चढतं. खाली थेंब थेंब, म्हणून पाय गार आणि चाललं की दुखतात. आणि खाली बसलेल्या किडनीला वाटतं की सगळीकडेच दाब कमी आहे, म्हणून ती आणखी दाब वाढवा असा निरोप धाडत राहते. हे असंच चालू राहिलं असतं तर हृदय थकलं असतं किंवा एखाद्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला असता. ऑपरेशन करून तो चिमटा काढावा लागणार होता, जेद्दाला, आणि लवकर.

मग मी भाभींकडे वळले. "भाभी, चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी पाय बघायला हवे होते. सुकटीचा दोष नव्हता. डोंगराचाही नव्हता."

भाभी खाली वाकून सनाच्या पायात मोजे घालू लागल्या. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सुकटीचं जाऊं द्या ताई," त्या म्हणाल्या. "ती रडायची आणि तुमी घड्याळ बघायचात. आणि मी तुमच्या मागून चालायची. तुमी शिकलेल्या म्हणून."



दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी झाली, डॉक्टर इल्हामांचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. तोवर डोकेदुखीला आणि बीपीला औषध सुरू केलं, चालणं बंद. आणि आमच्या शाळातपासणीच्या फॉर्मवर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं एक रकाना वाढवला: पायाची नाडी. चढा आकडा असलेल्या प्रत्येक मुलाचे बूट-मोजे आता उतरायचे. मुख्याध्यापिका हसायच्या, मुलींना गुदगुल्या व्हायच्या. मी शेकडो पावलांवर बोटं ठेवली, सगळीकडे नाडी मिळाली, आणि प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून जेद्दाला गेले. भाभी माझ्याशी बोलत नव्हत्या. तोडूनही बोलत नव्हत्या, फक्त बोलतच नव्हत्या. आम्ही दोघी एकाच बाकावर दोन टोकांना बसलो होतो. मध्ये अन्वरभाई उठत, फिरत, परत बसत. मी कितीक ऑपरेशनांच्या बाहेर नातेवाइकांना धीर दिलाय, पण त्या दिवशी मीच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला थांबवून तेच तेच विचारत होते. दुपारची जोहरची अजान झाली, मग उन्हं कलल्यावर असरची. मग सर्जन बाहेर आले आणि तोंडावरचा मास्क खाली करून म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह. झालं." अन्वरभाई तिथेच भिंतीला टेकून रडले. भाभींनी पदरानं तोंड झाकलं.

आयसीयूत दोन दिवस फक्त आई-वडिलांना सोडत होते. तिसऱ्या दिवशी सनाला वॉर्डात आणलं तेव्हा मी दारात घुटमळले. तिनंच हाक मारली. आवाज अगदी बारीक, डाव्या कुशीला मोठं ड्रेसिंग.

"आंटी, अब भी चलना पड़ेगा?"

"तुला हवं तेव्हा," मी म्हटलं. "तू म्हणशील तेव्हा थांबायचं."

मी तिच्या पायथ्याशी गेले. चादर बाजूला केली. पाऊल हातात घेतलं आणि दचकलेच, कारण ते गरम होतं. बोटं ठेवली, पण नाडी नीट लागेना. जरा सरकवून पुन्हा ठेवली. आणि लागली! लहानशी, भरीव, नेमानं उडणारी. हृदयातून निघालेलं रक्त दहा वर्षांत पहिल्यांदा जोमानं तिथवर पोचत होतं. मला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं.

भाभी पलंगाच्या पलीकडे उभ्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, हात द्या."

त्या हलल्या नाहीत. मग हळूच पलंगाला वळसा घालून आल्या. मी त्यांची दोन बोटं धरली आणि सनाच्या पावलावर, अंगठ्याच्या रेषेत, जरा वर ठेवली. "दाबू नका. नुसती ठेवा."

त्यांचे डोळे मोठे झाले. "हे काय उडतंय?"

"सनाच. तिच्या हृदयाचा ठोका आहे तो."

"आन् हा आधी नव्हता? एवढी वर्षं?"

"नव्हता."

त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या मागे ठेवली, त्या न बघता बसल्या, पण बोटं हलवली नाहीत. ओठ मात्र हलत होते. मला वाटलं दुआ करतायत. मग लक्षात आलं की त्या आकडे म्हणतायत. मी माझं घड्याळ मनगटावरून काढून त्यांच्यापुढे धरलं, मिनिट कुठून धरायचं ते दाखवायला.

त्यांनी दुसऱ्या हातानं ते बाजूला सारलं.

"नको ताई," त्या म्हणाल्या, निदान झाल्या दिवसापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत. "घड्याळ लावायचं नाय आता. तुमी जावा, काय तरी खाऊन घ्या. मी मोजत बसते."